फरक स्पष्ट करा

शिक्षक निवृत्त होतो म्हणजे त्याचा पगार थांबतो, शिकवणं थांबत नाही. गणिताचा शिक्षक भाजीवालीचा हिशेब तिच्या आधी करून दाखवतो. मराठीचा दुकानांच्या पाट्यांवरचे ऱ्हस्व-दीर्घ तपासत चालतो. भूगोलाचा लग्नाच्या बसमध्ये ड्रायव्हरच्या मागची सीट धरतो आणि वाटेतल्या नद्या कुठे उगम पावतात ते सांगतो. आणि जीवशास्त्राचा तुमच्याकडे बघतो. बोलता बोलता त्याची नजर तुमच्या कानाच्या पाळीवर जाते, तिथून हाताच्या अंगठ्यावर उतरते, आणि आपल्यात काहीतरी उणं राहिलंय असं तुम्हाला उगाचच वाटायला लागतं.

आमचे बापूसर या शेवटच्या जातीतले. नाशिकच्या कॉलेज रोडच्या मागच्या गल्लीत आमच्याच इमारतीत राहतात. अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवण्यात उभी हयात गेली. त्यांच्या प्रश्नपत्रिकेत दुसरा प्रश्न ठरलेला असायचा: फरक स्पष्ट करा, कोणतेही तीन. वनस्पती पेशी आणि प्राणी पेशी, धमनी आणि शीर, बेडूक आणि भेक. निवृत्तीनंतर त्या प्रश्नातली ‘कोणतेही तीन’ ही सवलत तेवढी गेली. आता सगळेच फरक सोडवावे लागतात, आणि तेही आपल्याला.

खांद्याला कापडी पिशवी. तिच्यावर कुठल्याशा पतपेढीचं नाव होतं, ते धुऊन धुऊन गेलं. पिशवीत झेरॉक्सची चळत, चष्म्याचं घर आणि एक लाल पेन. कॉलेजजवळच्या झेरॉक्सवाल्याला सर लांबून दिसले तरी तो आतूनच ओरडतो, “सर, वटवाघळाचं झालंय, देवमाशाचं संध्याकाळी देतो.” नवं गिऱ्हाईक दचकतं. त्या पिशवीत असतात जगभरातले शोधनिबंध, आणि विषय एकच: निरनिराळ्या सस्तन प्राण्यांचा डीएनए शेजारी शेजारी मांडायचा आणि जनुकं चालू-बंद करणारे तुकडे कुठे सारखे आहेत, कुठे बदललेत ते बघायचं. लाल पेन कशाला, तर तपासायला. ‘नेचर’चा लेख असो की ‘सायन्स’चा, तपासल्याशिवाय सर तो वाचत नाहीत. समासात शेरे असतात. ‘छान.’ ‘आकृतीला नावे द्या.’ ‘मुद्द्याला धरून नाही.’ एका जगन्मान्य निबंधाला त्यांनी दहापैकी सात दिलेले मी पाहिलेत. तीन का कापले विचारलं तर म्हणाले, “निष्कर्ष आधी सांगितलाय, कृती मागून. आमच्या पोरांना मी याच्यासाठी पाच कापायचो.”

सरांचा एक लाडका प्रश्न आहे. तो ते कोणालाही, कुठेही विचारतात. “तुम्ही उंदीर का नाही?”

सोसायटीच्या वार्षिक सभेत, पाण्याच्या टाकीवरून वाद रंगात आलेला असताना, त्यांनी हा प्रश्न चेअरमनना विचारला. चेअरमननी तो मनाला लावून घेतला. वास्तविक सरांचा हेतू शुद्ध होता. टाकी भरलेली आहे, पाइप सगळ्यांचे सारखेच आहेत, कॉक कोण कधी उघडतो यावर सगळं अवलंबून आहे, एवढंच त्यांना सांगायचं होतं. पण सर मुद्द्यावर येताना नेहमी सजीवसृष्टीच्या उगमाकडून येतात.

मग सांगतात: माणसाच्या डीएनएत सुमारे तीनशे कोटी अक्षरं. त्यात प्रथिनं कशी करायची याचा मजकूर दोन टक्क्यांहून कमी. जनुकं माणसाकडे साधारण वीस हजार, उंदराकडेही जवळपास तेवढीच आणि बरीचशी तीच. मग तुम्ही उंदीर का नाही? कारण कोणतं जनुक, शरीरात कुठे, कधी आणि किती वेळ चालू राहणार हे ठरवणारे तुकडे, सरांच्या भाषेत स्विच, वेगळे. “जनुक तेच,” सर तर्जनी वर करून म्हणतात, “कुठे पेटतंय ते बघा!” हे वाक्य ते दिवसातून किती वेळा म्हणतात ते त्यांच्या पत्नीला, माईंनाच माहीत, आणि त्यांनी मोजणं सोडलंय.

हे सगळं आपण शोधलं असा आव मात्र सर कधी आणत नाहीत. मेरी-क्लेअर किंग आणि अॅलन विल्सन या दोघांनी १९७५ मध्ये माणूस आणि चिंपांझी यांची प्रथिनं ताडून पाहिली, ती इतकी सारखी निघाली की एवढा मोठा फरक प्रथिनांमुळे पडत नसणार, जनुकांच्या नियंत्रणामुळे पडत असणार, असं त्यांनी मांडलं. सर त्या सुमारास एम.एस्सी. करत होते. “आम्ही झुरळाची पचनसंस्था काढत होतो,” ते म्हणतात, “आणि तिकडे हे चाललं होतं!” या वाक्यात दरवेळी थोडी हळहळ असते. आपल्याला चुकवून कोणीतरी जेवायला बसल्यासारखी.

बारशाला सरांना बोलवावं की नाही यावर आमच्या गल्लीत दोन मतं आहेत. पाळण्याभोवती बायका जमतात, नाक आजीचं, हनुवटी बाबाची, असं वाटप सुरू होतं. सर पुढे होतात. “नाक कोणाचं हे विचारू नका. नाकाचा स्विच कोणाचा ते विचारा.” मग २०१३ चा उंदरांवरचा अभ्यास निघतो. गर्भाच्या चेहऱ्याची घडण करणारे चार हजारांवर संभाव्य स्विच त्यात सापडले होते, आणि त्यातला एखादा काढून टाकला तर उंदराचं तोंड किंचित बदलायचं. उंदीर हा शब्द बारशात आला की बाळाच्या आजीचा चेहराही किंचित बदलतो.

पण माणूस लोभस आहे. बाळ हातात घेतल्यावर सर सगळं विसरतात, फक्त त्याच्या पायाची बोटं तेवढी मोजून घेतात.

बोटं मोजण्याची ही सवय मांजरामुळे लागली. कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर सर रोज सकाळी जातात. तिथे चालतात कमी, थांबतात जास्त. एकदा फाटकापाशी एक बोका दिसला, त्याच्या पुढच्या पंजाला जास्तीचा अंगठा. सर तिथेच उकिडवे बसले. मागून येणारी सगळी मंडळी थांबली, कोणाला तरी चक्कर आली असं समजून. सरांनी बसल्या बसल्या तास घेतला. हातापायांची बोटं घडवणारं एक जनुक आहे, त्याचं नाव सॉनिक हेजहॉग. (“व्हिडिओ गेमवरून ठेवलंय. नावाकडे जाऊ नका.”) त्याला हातापायांत चालू करणारा स्विच त्याच्यापासून जवळजवळ दहा लाख अक्षरं लांब, भलत्याच एका जनुकाच्या पोटात बसलेला. त्या स्विचमधलं एखादं अक्षर बदललं की बोट वाढतं. अमेरिकेत फ्लोरिडातल्या की वेस्ट गावी हेमिंग्वेच्या घरात अशा मांजरांची आख्खी वसाहत आहे, आणि काही कुटुंबांत माणसांनाही याच स्विचमुळे जादा बोट येतं. ऐकणाऱ्यांत एका गृहस्थांच्या हाताला सहावं बोट होतं. आजवर ते हात खिशात घालून चालायचे. त्या दिवसापासून सर त्यांना रोज हाक मारतात, आणि त्यांचाही हात खिशाबाहेर आलाय. सरांनी मुद्दाम असं काही केलं नव्हतं. त्यांना तो हात खरोखरच सुंदर वाटला होता.

हाच स्विच पुढे नागपंचमीला निघाला. माई पाटावर चंदनाचा नाग काढत होत्या. सर शेजारी बसून म्हणाले, “याला पाय होते.” माईंनी वर पाहिलं नाही. “स्विच बिघडला म्हणून गेले. अजगराच्या शेपटीजवळ दोन नख्या अजून असतात बघ. २०१६ मध्ये उंदराचा तो स्विच काढून तिथे नागाचा बसवला, तर उंदराला पायांच्या जागी नुसते खुंट आले. आणि अजगराच्या स्विचमध्ये गळालेली सतरा अक्षरं परत भरली, तो उंदरात बसवला, तर पाय नीट आले!” माईंनी चंदनाचं बोट पुसलं आणि म्हणाल्या, “आज काही कापायचं नसतं, चिरायचं नसतं. तुमचे उंदीर उद्या सांगा.”

माईंचं माहेर जळगावकडचं. बोलणं थोडं, पण जे बोलतील ते थेट वर्मावर. सरांच्या तासाला हजेरी लावणारी ही एकमेव नियमित विद्यार्थिनी, आणि एकमेव जिला नापास करायची सरांची छाती नाही.

कोजागिरीला गच्चीवर मसाला दूध आटतं. बारावीच्या पुस्तकातला लॅक ओपेरॉन हा सरांचा जुना जिव्हाळ्याचा धडा. जीवाणू दुधातली साखर समोर आली तरच ती पचवणारी जनुकं चालू करतो, हे जाकोब आणि मोनो यांनी १९६१ मध्ये दाखवलं. तिथून सर माणसावर येतात. सस्तन प्राण्याचं पिल्लू दूध पितं, मोठं झालं की दूधसाखर पचवणारं जनुक मंदावतं. गायीचं, मांजराचं, उंटाचं, सगळ्यांचं हेच. माणसांतल्या काहींचं मात्र चालूच राहतं, कारण त्या जनुकाच्या सुमारे चौदा हजार अक्षरं अलीकडे, शेजारच्या जनुकात, एक अक्षर बदललंय. युरोपात सापडतो तोच बदल भारतातही आहे, वायव्येकडे जास्त, दक्षिणेकडे आणि पूर्वेकडे कमी होत जाणारा. २०१२ च्या ज्या अभ्यासात हे नीट मांडलं गेलं त्यात हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेचे शास्त्रज्ञ होते, हे सर अभिमानाने सांगतात, जणू काही तेही त्यांचेच विद्यार्थी.

इथवर ठीक आहे. पण दुसऱ्या दिवशी सकाळी सर जिन्यात उभे राहतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला दबक्या आवाजात विचारतात, “काल दूध किती घेतलं होतं? पोटाचं काय म्हणणं?” ज्यांचं पोट बिघडलेलं असतं त्यांचं ते अभिनंदन करतात. “तुम्ही अस्सल सस्तन. बिघाड आमच्यात आहे.” पोट धरून बसलेल्या माणसाला याचा फारसा आधार वाटत नाही.

दाढी-कटिंगच्या दुकानातला प्रसंग तर आता आमच्याकडे म्हणीसारखा झालाय. खुर्चीत बसल्या बसल्या सर म्हणाले, “मांजराच्या मिशा आणि आपल्या मिशा, फरक सांगा.” न्हाव्याने कात्री थांबवली. “आपल्याला पीळ देता येतो, सर.” सर खूश झाले, पण उत्तर ते नव्हतं. मांजराच्या, उंदराच्या मिशा स्पर्शाच्या असतात, मुळाशी मज्जातंतू असतात. चिंपांझीकडेही तसे केस आहेत. माणसाकडे नाहीत. २०११ मध्ये असे पाचशे दहा तुकडे सापडले, जे चिंपांझीत आणि इतर प्राण्यांत जपलेले आहेत आणि माणसात साफ गळालेत. बहुतेक सगळे स्विचच्या भागातले. त्यातला एक पुरुषी संप्रेरकाशी निगडित जनुकाजवळचा. “तो गेला आणि आपल्या स्पर्शाच्या मिशा गेल्या. आणि आणखी एक गोष्ट गेली.”

“कोणती, सर?”

सरांनी आरशातून मागच्या बाकाकडे पाहिलं. तिथे एक आई मुलाला घेऊन बसली होती. “ती नंतर सांगतो.”

तेव्हापासून दुकानात येणारा प्रत्येक जण न्हाव्याला विचारतो, सरांनी सांगितलं का? न्हावी म्हणतो, “नाही ना भो. दरवेळी कोणी ना कोणी बसलेलं असतं.” मी ती गोष्ट वाचून काढलीय. इथे लिहीत नाही, दिवाळी अंक घरातली सगळी माणसं वाचतात.

लग्नाच्या वरातीत सर नवरदेवाकडे बघत नाहीत, पांढऱ्या घोडीकडे बघतात. गेल्या लग्नसराईत गंगापूर रोडच्या एका लॉन्सबाहेर बँड जोरात वाजत होता, आणि सर वराच्या मामाच्या कानात ओरडून सांगत होते, “ही जन्मली तेव्हा काळी किंवा तांबडी असणार!” मामांना वाटलं फसवणूक झाली. त्यांनी घोडीवाल्याला बाजूला घेतलं. घोडीवाला म्हणाला, सर म्हणतात ते खरंय, लहानपणी कोळशासारखी होती. मग सरांनी उरलेलं सांगितलं: एका जनुकाच्या आतला साडेचार हजारांवर अक्षरांचा तुकडा या घोड्यांत दुबार छापला गेलाय. रंग बनवणाऱ्या पेशींना तो सतत चालू ठेवतो, त्यांचा साठा लवकर खर्ची पडतो आणि घोडा वयाबरोबर पांढरा होतो. २००८ मध्ये हे सापडलं. त्याच दुबार तुकड्यामुळे उतारवयात अशा घोड्यांना त्वचेचा कर्करोग होण्याचा संभव फार वाढतो, तेवढं सर बोलले नाहीत. शुभकार्य होतं. घोडीच्या मानेवरून दोनदा हात फिरवला आणि जेवायला गेले.

रामकुंडावर एका नातेवाइकाच्या दशक्रियेला आम्ही गेलो होतो. नाशिकच्या तीर्थोपाध्यायांकडे यजमानांच्या नामावळीच्या वह्या असतात हे सगळ्यांना ठाऊक आहे. गाव, आडनाव सांगितलं की पणजोबा-खापरपणजोबा निघतात. गुरुजींनी लाल बासनातली वही उघडून पिढ्या वाचत नेल्या आणि थांबले. सर म्हणाले, “याच्या आधी?” गुरुजी म्हणाले, “याच्या आधीचं लिहिलेलं नाही.” सर हळूच म्हणाले, “लिहिलेलं आहे, गुरुजी. तुमच्या वहीत नाही एवढंच. आणखी साधारण नऊ कोटी वर्षं मागे गेलात की माझं आणि उंदराचं घराणं एक होतं.” गुरुजी मुरलेले. ते म्हणाले, “त्यांचं गोत्र सांगा, लावून घेतो.” सरांनी त्यांना मनापासून नमस्कार केला.

आता माळ्याचं सांगतो, कारण बापूसर कळायचे असतील तर माळा कळला पाहिजे.

एप्रिल २०२३ मध्ये झूनोमिया नावाच्या प्रकल्पाचे निबंध एकगठ्ठा छापून आले. दोनशे चाळीस सस्तन प्राण्यांचा डीएनए शेजारी शेजारी मांडून केलेला अभ्यास. त्यातल्या एका निबंधात बाल्टो नावाचा कुत्राही होता. १९२५ मध्ये अलास्कातल्या नोम गावात घटसर्पाची साथ आली, तेव्हा औषध घेऊन जाणाऱ्या शेवटच्या घसरगाडीला जुंपलेला पुढचा कुत्रा तो. सरांचे डोळे बाल्टोच्या नावाने अजून पाणावतात. पण मुख्य गोष्ट अशी की, सुमारे दहा कोटी वर्षांत सस्तन प्राण्यांनी जे फारसं बदलू दिलं नाही, असा भाग माणसाच्या डीएनएत किमान दहा पूर्णांक सात दशांश टक्के निघाला. म्हणजे प्रथिनांच्या मजकुराच्या कितीतरी पट. प्रथिनांचा मजकूर सोडून उरलेल्या डीएनएला एकेकाळी सर्रास कचरा म्हणत. सरांनी स्वतः फळ्यावर ‘निरुपयोगी’ असं लिहून खाली दोन रेघा ओढलेल्या. ते त्यांना फार लागलं होतं.

आणि त्याच वर्षी दिवाळीच्या आधी माईंनी माळा काढायला घेतला. खाली भंगारवाल्याची गाडी उभी. सर स्टुलाला आडवे झाले.

“माळ्याला हात लावायचा नाही.”

“का? नागोबा बसलाय वर?”

“वरचं सगळं कचरा दिसतंय ना? शास्त्रज्ञांनाही दिसलं होतं. मोजल्यावर दहा पूर्णांक सात दशांश टक्के कामाचं निघालं.”

“मग दहा पूर्णांक सात दशांश तेवढं तुम्ही निवडून द्या,” माई म्हणाल्या, “बाकीचं मी गाडीवर घालते.”

इथे दुसरा नवरा असता तर चिडला असता. सर उजळले. कारण नेमका हाच प्रश्न होता: निवडायचं कसं? आणि उत्तर त्यांच्या पिशवीत होतं. एकाच माळ्याकडे बघून काही कळत नाही, दहा माळे शेजारी शेजारी मांडायचे. जी वस्तू प्रत्येक घराने, इतकी घरं बदलून, इतक्या साफसफायांतून जपली, ती कामाची.

त्या संध्याकाळी सर वही घेऊन इमारतभर फिरले. आमच्याकडेही आले. बॅटरी मारून माळा पाहिला, रकाने आखले, खुणा केल्या. गणपतीचं मखर सगळ्या घरांत निघालं. कडी तुटलेली सुटकेस सगळ्यांकडे. लग्नातला पितळी हंडा, सगळ्यांकडे. आणि टीव्हीचं रिकामं खोकं, आतल्या थर्माकोलसकट, एकही घर अपवाद नाही. टीव्ही केव्हाच गेलेला, खोकं आहेच. सर त्या खोक्यापाशी बराच वेळ थांबले. “सगळ्यांनी जपलंय म्हणजे काहीतरी काम असणारच,” ते पुटपुटले, “आपल्याला कळलेलं नाही.” मग पिशवीतून आधार निघाला. २००४ मध्ये माणूस, छोटा उंदीर (माऊस) आणि मोठा उंदीर (रॅट) यांच्या डीएनएत चारशे एक्क्याऐंशी तुकडे सापडले, प्रत्येकी दोनशे अक्षरांहून लांब आणि तिघांत तंतोतंत एक. एका अक्षराचाही फरक नाही. याच्याशिवाय जगणं अशक्य, असं सगळ्यांना वाटलं. २००७ मध्ये त्यातले चार तुकडे एकेक करून उंदरांतून काढून पाहिले. उंदीर जगले, वाढले, त्यांना पिल्लंही झाली. “म्हणजे खोकं टाकायचं?” मी विचारलं. “टाकू नका,” सर म्हणाले, “पण टाकलं तर काय होतं ते मला कळवा.”

रात्री वही मिटून सरांनी माईंना यादी दिली. मखर, सुटकेस, हंडा, खोकं ठेवायचं. बाकी सगळं, रीतीप्रमाणे, कचरा. माईंनी यादी वाचली.

“खापर नाही यात.”

“इमारतीत दुसऱ्या कोणाकडेच नाही. म्हणजे जपलं गेलेलं नाही. म्हणजे निकषात बसत नाही.”

खापर म्हणजे माईंच्या माहेराहून आलेलं, मांडे भाजायचं मातीचं मोठं भांडं. चुलीवर पालथं घालायचं आणि त्याच्या पाठीवर हातभर पुरणपोळी टाकायची. आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, दरवर्षी खाली उतरतं. कॉलनीच्या मोकळ्या प्लॉटवर तीन विटा मांडून माई चूल पेटवतात, आणि कोपरापर्यंत हातांवर पोळी खेळवत मोठी करत नेतात.

माई शांतपणे म्हणाल्या, “बाकीच्यांच्या माळ्यावर नाही म्हणून कामाचं नाही? आखाजीला पोळी कुठल्या निकषावर खाता?”

सर गप्प बसले. मी त्यांना एवढा वेळ गप्प बसलेलं त्याआधी पाहिलं नव्हतं. दोन दिवस झेरॉक्सवाल्याकडे खेपा झाल्या. तिसऱ्या दिवशी ते निबंध घेऊन आले आणि स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून माईंना वाचून दाखवला. २०१५ चा अभ्यास. वीस सस्तन प्राण्यांची यकृतं घेतली. सगळ्यांचं काम एकच, रक्त शुद्ध करायचं, साखर साठवायची. जनुकाच्या अगदी तोंडाशी असलेले प्रोमोटर नावाचे स्विच बऱ्यापैकी सारखे निघाले. लांबवरचे स्विच मात्र बहुतेक ज्याचे त्याचे, अलीकडे घडलेले, शेजाऱ्याकडे नसलेले, आणि तरी चालू असण्याच्या सगळ्या खुणा अंगावर वागवणारे. नुसतं जपलेलं शोधत बसलं तर हे सगळे हातातून सुटतात. “तू म्हणालीस ते हेच,” सर म्हणाले. समासात लाल पेनाने लिहिलं होतं: उत्तम. दहापैकी दहा पडलेला तो एकच निबंध माझ्या पाहण्यात आहे, आणि ते गुण लेखकांना होते की माईंना, हे सरांना विचारायची माझी हिंमत झाली नाही.

माईंनी कुकरची शिटी होऊ दिली आणि विचारलं, “मग माळ्याचं काय ठरलं?”

माळा तसाच आहे. भंगारवाला दर दिवाळीला गाडी घेऊन येतो, वर बघतो, आणि सरांकडे चहा पिऊन जातो.

हे सगळं वाचून सर म्हणजे नुसती गंमत, असं वाटेल. सुरगाण्याकडच्या एका सरकारी दवाखान्यात त्यांचा एक जुना विद्यार्थी डॉक्टर आहे. त्या भागातल्या पाड्यांवर सिकलसेलचे रुग्ण असतात. त्याचा महिन्या-दोन महिन्यांनी फोन येतो, तेव्हा सर तर्जनी वर करत नाहीत. गर्भात असताना बाळाचं हिमोग्लोबिन वेगळं असतं, जन्मानंतर एक जनुक ते बंद पाडतं. त्या बंद पाडणाऱ्या जनुकाचा तांबड्या रक्तपेशींपुरता जो स्विच आहे तोच कापला, तर गर्भातलं हिमोग्लोबिन परत सुरू होतं आणि सिकलसेलचा त्रास जवळजवळ थांबतो. या उपचाराला नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रिटनने मान्यता दिली, पाठोपाठ अमेरिकेने. अमेरिकेतली तेव्हाची किंमत सुमारे बावीस लाख डॉलर. सरांनी लेखाच्या पाठीमागे रुपये काढून पाहिले, शून्यं मोजली, आणि तो कागद घडी करून पिशवीत सगळ्यात खाली ठेवला. डॉक्टरांनी विचारलं होतं, सर, आपल्याकडे कधी? त्या उत्तरपत्रिकेवर सरांनी अजून काही लिहिलेलं नाही.

असा माणूस तुमच्याही गल्लीत असेल. कदाचित त्याचा विषय तारे असेल, कदाचित मोडी लिपी, कदाचित नुसते पावसाचे आकडे. आम्ही बापूसरांपासून पळतो, जिना चुकवतो, फोन कानाला लावून बोलत असल्याचं सोंग करतो. आणि सर चार दिवस लेकीकडे पुण्याला गेले की गल्लीत कोणी कोणाशी धड बोलत नाही. बोलायला पाण्याची टाकी तेवढी उरते.

तुम्हाला त्यांना भेटायचं असेल तर खुशाल या, कॉलेज रोडला कोणीही घर दाखवेल. फक्त येताना आखाजीचा मुहूर्त साधा. डीएनए बाराही महिने मिळतो, खापरावरची पोळी वर्षातून एकदाच.